आमचं बाथरूम कोरडं होतं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले बोटमालक, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, बोटीवरचे सगळे भाऊ आणि त्यांच्या घरून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

यांच्या निरोपाला मी दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. माइक कुणी धरेल का? राहू द्या, धरते मीच.

मालक आत्ता म्हणाले, "घरी बाथरूममध्ये पाय घसरला आणि आमचा हाडाचा इंजिनवाला कायमचा घरी बसला." मालक, आपण प्रेमानं बोललात, फुलं दिलीत, आभारी आहे. पण हे घरी पडले कधी?

अहो, खुणा करू नका. बोलू द्या.

इंजिनरूममध्ये उतरायच्या शिडीची वरची पायरी सुटली होती. यांनी कितीदा सांगितलं. उत्तर एकच, "या फेरीनंतर बघू." त्या दिवशी यांच्या हातात तेलाचा डबा, पायरी निसटली आणि हे थेट खाली लोखंडावर. खुबा मोडला. दवाखान्यात बोटीचे मॅनेजर हळूच म्हणाले, "वहिनी, घरी पडले असंच सांगा. नोकरी राहील." सांगितलं. काय करणार होते? आणि राहिली का नोकरी? आज कशाला जमलोय आपण?

पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्यात. त्यांनाही आम्ही तेच सांगितलं. तेव्हापासून आल्यागेल्याला त्या ऐकवतात, "सुनेनं साबणाचं पाणी तसंच ठेवलं, माझा मुलगा जन्माचा अधू झाला." मी ऐकून घेतलं. आई, आमचं बाथरूम कोरडं होतं हो.

आजही गप्प बसले असते. पण उद्या यांच्या जागी माझे धाकटे दीर बोटीवर चढतायत. काल ते बोट बघून आले. मी विचारलं, "शिडी?" तर हसून म्हणाले, "वहिनी, पायरीला दोरी बांधलीय." दोरी! तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आई, तुम्ही का उठलात? मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही. आई म्हणतायत, "शिडी बदलल्याशिवाय धाकट्याला पाठवणार नाही. आणि माझ्या सुनेला कुणी बसायला सांगू नका."

मालक, काय म्हणालात? उद्या? बोट निघायच्या आधी की नंतर? आधी. ऐकलंत ना सगळ्यांनी?

आपण इतकं ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आई, बसा आता. नाही? बरं, मग मीच येते तिथं, तुमच्या शेजारी.