मुळावरचा नंबर

पनवेलच्या एसटी स्टँडवर रांगेत माझ्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. लेक, वेणू, मॅट्रिकच्या परीक्षेला निघाली होती.

"परीक्षेच्या नंबराला मास्तर काय बोलले?"

"दहा हजार सात ही मूळ संख्या हाय, बोलले."

"आनि तू मुळावरचा नंबर घेऊन बसनार? बदलून माग!"

"आये, ते नक्षत्रातलं मूळ नाय गो! कितींदा सांगू?"

"शेजारच्या भामाचा कुठला?"

"दहा हजार आठ. त्याला दोनाने, तिनाने, चाराने, कशानेपन भाग जातो."

"नि तुझ्याला?"

"एकाने, नायतर त्याच्या त्यानेच. दुसऱ्या कुनाने नाय."

"कुनीच वाटे नाय करू शकत?"

"कुनीच नाय."

"मंग ऱ्हाऊ दे. आपल्या घरात एकीचा तरी नंबर तसा असू दे."