पाणी येते कोठून

(गोंदियाजवळचं मुर्री गाव, १९५५चा श्रावण. खुशाल तळघरात उभा, त्याचा मोठा भाऊ मनिराम पायऱ्यांवर. खुशालची बायको सुलोचना पदर घेऊन दाराआड. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची रीत नाही.)

मनिराम: छप्पर गळून राहिलं का?

खुशाल: छप्पर कोरडं हाय, दादा. पाणी खालून येते. फरशीच्या सांधीतून.

मनिराम: पाणी वरून खाली जाते, येवढं तर मले कळते.

खुशाल: मलेही तेवढंच कळते, म्हणून तर डोस्कं चालून नाय राहिलं. परमिटची सिमिट आणली, मिस्तऱ्याकडून घोटून घेतली. एक भोक दाखव.

मनिराम: भोक नाय. पण भिंतीनं पोट काऊन काढलं?

खुशाल: आजच काढलं. काल मांडीभर पाणी होतं, त भिंत सरळ. आज घोट्यापर्यंत उपसलं, त फुगली. पाण्यात बरी होती, कोरडी केली त बिघडली. हे कोणतं शास्तर?

मनिराम: धानाच्या गावात तळघर कायले पाहिजे होतं? ढोलीत मावत नव्हता का तांदूळ?

खुशाल: वाटणीत जमीन तू घेतली, घर मले आलं. धंद्याचा तांदूळ डोक्यावर ठेवू? गोंदियाच्या शेठकडं हाय ना तळघर.

मनिराम: शेठच्या भिंतीमागं धानाची बांधी हाय का?

खुशाल: मंग तुह्याच बांधीचं पाणी असन हे.

मनिराम: माह्या? बांधीभोवतीचा धुरा साबूत हाय, चल दाखवतो. उलट मलेच पाणी पुरून नाय राहिलं. बोडीच्या तळ्यातून घेतो, सकाळी पाहतो त उतरलेलं. खेकड्यांची बिळं बुजवून बोटं सोलली. धानाचा रोवणा नुकता झाला, झोप नाय मले.

सुलोचना: अवं, त्याईले सांगा, पाणी मी टाकतो ना बांधीत.

मनिराम: का म्हणून राहिली भावसून?

खुशाल: कोणतं पाणी टाकते तू?

सुलोचना: हेच, तळघरातलं. तुमी बादली भरून देता, मी मागच्या भिंतीवरून बांधीत ओततो. गल्लीत कायले वाया घालवू? त्याईच्या धानाचे पऱ्हे पिवळे दिसत होते. वाटणीपासून तुमी दोघं तोंड फिरवून होते. पऱ्ह्यानं कोणाचं वाईट केलं?

मनिराम: थांब. तू उपसतो. ते बांधीत जाते. बांधी भरते, आन् रातभरात उतरते.

खुशाल: आन् सकाळी माह्या तळघरात. म्हणजे तेच पाणी? मातीतून? भोक नसताना?

मनिराम: मले नको विचारू. माही तर मतीच गुंग झाली.

खुशाल: हे पाह्य, भिंत इकडूनही चिरली. दे बादली, उरलंसुरलं काढतो, मंग टेकू लावू.

सुलोचना: भासरेजी, तुमच्या भावाले उपसू देऊ नका. वर घ्या.

मनिराम: का झालं?

सुलोचना: कामठ्याले माह्या बाबानं पावसाळ्यात कच्ची विहीर उपसली होती. आतलं पाणीच बाजूले रेटून धरून होतं, असं मागून सारे म्हणाले. पाणी निघालं आन् बाजू आत आली. बाबा खालीच होते.

मनिराम: खुशाल, वर ये.

खुशाल: विहिरीचा आन् घराचा का संबंध?

मनिराम: तू घर बांधलं का विहीर खणली, हे जमिनीले कोणं सांगतलं? वर ये म्हणतो ना. पाणी राहू दे जेथं हाय तेथं.

खुशाल: आलो. मंग आता कसं करू?

मनिराम: धुरा फोडतो. बांधी रिकामी झाली त भिंतीवरचा रेटा कमी होईन. होईन का, हे मले खरंच माहीत नाय.

खुशाल: आन् तुहा रोवणा?

मनिराम: वाळून जाईन.

खुशाल: सालभर कायच्यावर जगशील?

मनिराम: तुह्याकडं तांदूळ हाय म्हणत होता.

खुशाल: तळघरात होता, दादा. भिजला. वर दोनचार पोती उरली.

मनिराम: तुमचंच पुरणार नाय त्यात.

सुलोचना: त्याईले सांगा, एका चुलीवर रांधलं त पुरन.