हत्तीला कुलूप

...आणि पडद्यावर काय, तर "फाइल लॉक आहे"! हत्तीला कुलूप! ऐकलंय कधी? अहो, तुम्हाला सांगतो, आम्ही कार्टून सिनेमे बनवतो, चार वाजता पाहुणे हत्ती बघायला येणार, आवडला तर पुढचा सिनेमा आमचा, नाहीतर ऑफिसलाच टाळं, आणि हत्तीचा डावा कान सुटलेला! म्हणजे हत्ती इकडे, कान तिकडे! पाच मिनिटांचं काम हो, पण फाइल ही एवढी अगडबंब, दोघांनी एकदम हात लावला की एकाचं काम पाण्यात, म्हणून ज्याला काम करायचंय त्यानं लॉक करायचं, झालं की काढायचं. काढायचं ना? कोण काढतो!

बरं, मी माझ्या वेगळ्या ब्रँचमध्ये, म्हणजे आपली स्वतंत्र प्रत घेऊन बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात... तर साहेब म्हणतात, "लॉक सगळ्या ब्रँचना एकच असतं रे." घ्या!

आणि लॉक कुणाचं? "खिडकीजवळची मशीन." खिडकीजवळ कोण बसतं? आमची बायको! सख्खी! एकाच ऑफिसात असतो ना आम्ही. माझं डोकंच फिरलं. अकरा माणसांसमोर ओरडलो, "घरी कपाटाची किल्ली हरवतेस, इथे हत्ती कोंडून ठेवतेस?" ती शांत. "मी हात लावलेला नाही. लॉक कधीचं आहे ते वाच." वाच म्हणे! हत्तीला कुलूप लावायचं आणि वर मलाच शिकवायचं!

साहेबांनी वाचलं. मोठ्यानं. "तीन तारीख. सोबत चिठ्ठी: कान मीच बसवणार, कुणी हात लावायचा नाही." आता आमच्या जागा बदलल्या पाच तारखेला. मग तीनला खिडकीत कोण? मी! अहो, पायाखालची जमीनच सरकली! स्वतःच कुलूप लावून स्वतःच ऑफिसभर बोंबलत होतो मी!

पावणेचार. साहेबांनी आपल्या अधिकारात लॉक काढलं, मी श्वास घेतला, आता कान धरणार... "फाइल लॉक आहे"! अरे, आता कोण? खिडकीजवळची मशीन! तीन सेकंदांपूर्वी! चिठ्ठी: "आधी सॉरी. उभं राहून, कान धरून, सगळ्यांसमोर."

राहिलो उभा. धरले कान. म्हटलं, "चुकलो." ती मान न वळवता विचारते, "मागे ऐकू आलं का हो?" मागची रांग एका सुरात, "नाही!"

तीनदा म्हटलं हो... तीनदा! पाहुणे दारात आले तेव्हा हत्तीचा कान तिनं जागेवर बसवलेला, आणि माझे दोन्ही अजून माझ्याच हातात. काय करणार? म्हटलं, या, बसा.