लाइनीतलं शेवटचं घर

(दारव्हा. रहमतचं मोटर दुरुस्तीचं दुकान, सकाळ.)

नीळकंठ : ...म्हणून म्हणतो, रहमतभाई, ब्रह्मपुत्रा काही चीनच्या बापाची जहागीर नाही. वर एवढं मोठं धरण बांधायला घेतलं, आपल्याला विचारलं कोणी?

रहमत : तो पाना द्या इकडे. ते काय म्हणतात मंग?

नीळकंठ : म्हणतात, खाली काही फरक पडणार नाही. वरचा असंच म्हणतो. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली मी. पाट फोडणारा कधी कबूल झाला नाही.

रहमत : आपल्या खाली बांगलादेश हाय न. त्यायले आपण काय म्हणतो?

नीळकंठ : ते वेगळं. तिथं बैठका होतात.

रहमत : अस्सं.

नीळकंठ : आता नळाचं पाणी पहिल्यासारखं ओढेल ना ही टुल्लू मोटर? गुरुवारी नळ येईल. आठव्या दिवशी येतो, तेव्हाच टाकी भरली पाहिजे.

रहमत : वढंल. साऱ्या गल्लीचं वढंल. शुक्रवारी आमच्या पोरीचा निकाह हाय.

नीळकंठ : अतियाचा. पत्रिका मिळाली. आम्ही दोघंही येतो.

रहमत : या न. पुसदवरून दोनशे मानूस येऊन राह्यलं. पन नळाची लाइन तुमच्या दारावरून येते, नीळकंठराव. माहं घर शेवटचं.

नीळकंठ : मग?

रहमत : दोन साल झाले. तुमची मोटर सुरू झाली का आमच्या नळाले नुसती हवा येते. अम्मी बकेट लावून बसते, अन् तशीच उठते.

नीळकंठ : बोलला का नाही तुम्ही?

रहमत : कोन्या तोंडानं बोलू? टुल्लू मीच इकली तुमाले. दुरुस्तबी मीच करून राह्यलो. गिऱ्हाइक हाय तुमी, अन् शेजारीबी.

नीळकंठ : टँकर सांगा ना एखादा.

रहमत : तीनदा गेलतो. गुरुवार-शुक्रवार रिकामा नाई म्हनते.

(रहमत शेवटचा स्क्रू आवळतो.)

रहमत : घ्या, झाली. थैलीत टाकून देऊ?

नीळकंठ : राहू द्या इथंच. शुक्रवारी निकाहाला येईन, तेव्हा नेईन.

रहमत : लई मेहरबानी. अन् त्याच्या पुढच्या गुरुवारी?

नीळकंठ : ते... बसून बोलू कधी.

रहमत : बसलेच हाय न तुमी. चहा सांगतो.