रिकाम्या खुर्चीचं संशोधन

विद्यापीठातली पीएचडीची रांग हलायचं नाव घेत नव्हती. मुख्याध्यापिका बाई प्रवेशाचा अर्ज घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यापुढे एक मुख्याध्यापक प्रबंध जमा करायला आले होते आणि सोबतच्या मित्राशी बोलत होते. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

“विषय काय होता रे?”

“शाळेच्या सुधारणेत मुख्याध्यापकाचं नेतृत्व.”

“आणि शाळा कुठली घेतलीस?”

“माझीच. चार वर्षं अभ्यासरजेवर होतो, लांबून नीट दिसतं.”

“मग काय दिसलं?”

“पहिल्या वर्षी मुलं वेळेवर यायला लागली. दुसऱ्या वर्षी वाचायला लागली. तिसऱ्या वर्षी शिक्षकही वाचायला लागले.”

“तुझ्या जागी कोण होतं?”

“कोणीच नाही. खुर्ची रिकामीच होती.”

“मार्गदर्शक काही बोलले नाहीत?”

“म्हणाले, निष्कर्ष मनाला लावून घेऊ नका, शिफारस लिहा.”

“काय लिहिलीस?”

“सगळ्या मुख्याध्यापकांना पीएचडीला पाठवावं.”

“आता परत शाळेत जाणार ना?”

“शिक्षकांचा निरोप आलाय. सर, अजून एखादी पदवी बघा म्हणतात.”

बाईंचा नंबर आला. खिडकीतल्या कारकुनाने अर्जासाठी हात पुढे केला.

“एक मिनिट हं,” म्हणत बाईंनी शाळेत फोन लावला. “मी नाहीये तर काही अडलंय का?”

“छे हो बाई, आज सगळं कसं सुरळीत चाललंय,” पलीकडून उपमुख्याध्यापिका म्हणाल्या. “तुम्ही अगदी सावकाश या.”

बाईंनी अर्जाची घडी घातली आणि जवळजवळ पळतच शाळेची वाट धरली.