नऊ नंबरची शेवटची गाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मुख्य संचालक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, विक्री विभागातून मुद्दाम आलेले मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे मुख्य अभियंता, म्हणजे आपले साहेब, आणि समोर बसलेल्या, व जागा नाही म्हणून मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कारखान्यातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी शिवण विभागाची प्रमुख. गाडीच्या सीटा शिवणं, छताला कापड लावणं, दारांना अस्तर चढवणं हे माझं काम. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. मग इंजिनवाल्या माणसाच्या निरोपाला मला का उभं केलं? कारण उघड आहे. या कारखान्यात साहेबांशी सगळ्यात जास्त भांडले ती मी, आणि तरी ते माझ्याशी बोलतात.

नव्या मुलांना नऊ नंबर ही आपली सगळ्यात वेगवान गाडी एवढंच माहीत असेल. ती जन्माला कशी आली? आपली कंपनी तेव्हा चार माणसांच्या कुटुंबाची साधी गाडी करायची. गाडी घेताना जास्तीच्या वस्तूंची एक यादी समोर ठेवली जायची. पायाखालची चटई, धुक्यातले दिवे, असलं काहीबाही. साहेब तेव्हा नुकतेच लागले होते. त्यांनी आणि दोघा मित्रांनी कामाची वेळ संपल्यावर मालवाहू गाडीचं इंजिन त्या चिमुकल्या गाडीत बसवलं. त्या वेळचे संचालक एक फेरी मारून आले. केस उभे, टाय खांद्यावर. आधी टाय सारखा केला. मग म्हणाले, "यादीत शेवटी घाला. कुणी मागितलीच तर देऊ." आठव्या नंबरला सिगारेट पेटवायचं लायटर होतं. त्याच्याखाली ही. नाव द्यायचंही कुणाला सुचलं नाही, आणि मग नऊ नंबर हेच नाव पडलं.

गाडी वेगवान करायची तर ती हलकी हवी. साहेबांना या हलकेपणाचं अक्षरशः वेड लागलं. मागची सीट काढली. घड्याळ काढलं. गालिचा काढला. आम्ही त्यांना ग्रॅमसाहेब म्हणायचो, मागून अर्थातच. एकदा माझ्या टेबलावर तराजू घेऊन आले. "बाई, या सीटला दुहेरी शिवण कशाला? दोरा किती ग्रॅम जातो?" मी म्हटलं, "साहेब, सकाळी नाश्ता केलात ना? तो किती ग्रॅम होता?" तुम्ही हसताय, पण दुसऱ्या दिवसापासून चाचणीच्या दिवशी हा माणूस उपाशी यायला लागला! वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, मला फोन करून झापलं. आमची मैत्री त्या झापण्यातूनच झाली.

दारांवर छताला धरायची हँडलं असतात ना, तीही साहेबांनी काढून टाकली. मी विचारलं, माणसांनी धरायचं कशाला? म्हणाले, "ज्याला धरून बसावं लागतं त्याने आमच्या गाडीत बसूच नये." त्या काळात असं बोलायचे ते.

दुसऱ्या खेपेची नऊ नंबर शर्यती जिंकली. पोराटोरांच्या खोल्यांत तिची चित्रं लागली. तिसरी मात्र पार आपटली. जड झाली, महाग झाली, आणि कंपनीने नऊ नंबर बंद करून साहेबांना ट्रकच्या विभागात धाडलं. मी आज कुणाला दोष द्यायला उभी नाही, पण ती वर्षं साहेबांनी कशी काढली हे वहिनींना विचारायला हवं होतं. घरी येऊन ते ट्रकबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत, असं त्या मला सांगायच्या. मग कंपनीला पुन्हा वेगाची आठवण झाली, साहेब परत आले, आणि चौथ्या गाडीचं काम सुरू झालं. त्याच सुमारास वहिनींचं दुखणं सुरू झालं.

त्यांच्या पायांतली ताकद जात होती. गाडीत बसता यायचं, उतरता यायचं नाही. दवाखान्यात गेलं की साहेब इंजिन बंद करायचे, उतरून पुढून वळसा घालून पलीकडे जायचे, दार उघडून वाकायचे. वहिनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर टाकायच्या आणि साहेब त्यांना उभं करायचे. वहिनींना याची फार लाज वाटायची. मला म्हणायच्या, "मी पोतं झालेय गं नुसतं."

आणि एक दिवस आमचे ग्रॅमसाहेब माझ्याकडे मातीचा गोळा घेऊन आले. गाडीचा नमुना घडवतात ती माती. त्यावर एका मुठीचा ठसा होता, बारीक बोटांचा. म्हणाले, "बाई, या मुठीत बसेल असं हँडल हवंय. वरून मऊ कापड. नेहमीपेक्षा खाली. फक्त चालकाच्या शेजारच्या दाराला." ती मूठ कुणाची हे मी विचारलं नाही. बैठकीत त्यांनी काहीतरी सुरक्षेचं कारण दिलं. पुढे मासिकवाल्यांनी टर उडवली की एवढ्या महाग गाडीला हँडल एकच कसं, दुसरं लावायला विसरले की काय! साहेबांनी एका अक्षराने उत्तर दिलं नाही.

पहिली नमुना गाडी तयार झाली तेव्हा साहेबांनी वहिनींना फेरी मारून आणलं. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. गाडी थांबली. साहेबांनी दार उघडून एक पाय बाहेर टाकला, तोवर इकडे वहिनींनी हँडल धरलं, जोर केला आणि उभ्या राहिल्या. एकट्या! आनंदाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या आत वाकून म्हणाल्या, "तुम्ही बसा हो. आता उतरायला नको तुम्हाला." आणि साहेब तसेच, एक पाय बाहेर, बसून राहिले.

गाडी बाजारात यायच्या आधी वहिनी गेल्या.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, चहाच्या वेळी, साहेब एकदाच बोलले. म्हणाले, "बाई, माझी मोजण्यात चूक झाली. घरात दिवसभर औषधं, पथ्यं, डॉक्टरांचे फोन. एकमेकांना धरायचो ते फक्त तेव्हा, गाडीतून उतरताना. तेवढंच उरलं होतं आम्हाला. तेही मी काढून टाकलं." मी म्हटलं, साहेब, पण वहिनी किती खूश होत्या. म्हणाले, "हो ना. म्हणून तर तिला सांगता आलं नाही." अध्यक्षसाहेब, चार लोकांत हे सांगावं की नाही याचा मी रात्रभर विचार केला. पण साहेबांचा सत्कार केवळ वेगासाठी झाला असता, तर मला ते सहन झालं नसतं.

पुढच्या महिन्यापासून खरी नऊ नंबर बंद, आणि त्या नावाने विकायची ती साध्याच गाडीची सजावट: काळी चाकं, मागे लाल आकडा आणि सीटांना लाल दोरा. इंजिन साध्या गाडीचंच. ते हँडलही जाणार. तो लाल दोरा माझाच विभाग शिवणार आहे. नोकरी आहे, मी शिवीन. आनंदाने शिवीन, असं मात्र इथे म्हणणार नाही.

आता कार्यक्रमपत्रिकेबद्दल. माझ्या भाषणानंतर "किल्ली प्रदान" असं छापलं आहे. खरी नऊ नंबरची शेवटची गाडी साहेबांना भेट द्यायची, हे कंपनीने मोठ्या मनाने ठरवलं, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. काल ती गाडी साहेबांनी स्वतः चालवत अंगणात आणली. आम्ही कडेला उभे होतो. आम्हाला वाटलं, आता थोडा वेळ आत बसतील. पण इंजिन बंद केलं आणि ते लगबगीने उतरले, पुढून वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडलं, वाकले आणि दोन्ही हात पुढे केले.

तसेच उभे राहिले. फाटकावरचा पहारेकरी पुढे निघाला होता, मी त्याचा हात धरला. मग साहेबांनी दार लावलं आणि माझ्याकडे येऊन किल्ली हातात दिली. म्हणाले, "उद्या ही मला देऊ नका, बाई. रोज असं पलीकडे जाऊन उभं राहणं मला जमायचं नाही."

म्हणून किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि ती मी अध्यक्षांकडे परत करते आहे. कार्यक्रमात राहिलेली ही उणीव खुशाल माझ्या माथी मारा. मला बोलू दिलंत, तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल सगळ्यांची मी ऋणी आहे. माझ्या तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल तर पोटात घाला. साहेबांना मात्र आज कुणी आग्रह करू नका.