आरशाभोवती चार माळा

...आणि वर मलाच विचारतात, "एवढा तापतो कशाला हा डबा?" अहो, तापतो कशाला! तुम्हाला सांगतो, सर्किट माझं बरोबर होतं. टेबलावर चालवून बघितलेलं. गारेगार!

झालं काय, ताईनं नोकरी सोडून स्वतःचं पार्लर काढलं. मोठ्ठा आरसा आणला नि म्हणाली, "बाळ्या, लाइट असा लाव की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात असं नको. पहिल्याच दिवशी बायका उठून गेल्या तर मी बसले घरी!" आता मी दिवसभर कारखान्यात ड्रायव्हरच बनवतो ना! गाडीचा नव्हे हो, एलईडीच्या माळांना मोजूनमापून करंट देणारा डबा. म्हटलं, ताई, आरशाच्या चार बाजू, चार माळा, चौघींना मिळून एक डबा. करंट कसा, तर आई आपल्यात बिस्किट मोडायची तसा, कणभर इकडचं तिकडं नाही!

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी बटण दाबलं. तीन बाजू झकास... आणि वरची? आजारी माणसासारखी मिणमिण मिणमिण! सर्किट बरोबर होतं हो! माळ उघडून बघतो तर दोन दिवे जास्त. मागं बाबा उभे. "कोपरा अंधारात राहत होता रे. दोन जोडून टाकले. सोल्डरचा डाग बघ, कसा सफाईदार दिलाय!"

आता यांना काय सांगू? दिवे वाढले की त्या माळेला व्होल्टेज जास्त लागतं. तिच्यासाठी वाढवावं, तर बाकीच्या तिघींना ते जड होतं, मग त्यांच्या वाटचं जादाचं डबा गिळतो नि तापतो. म्हणजे हट्ट एकीचा, ताप दुसऱ्यालाच! बोलायला तोंड उघडलं, तर ताईनं दंडाला हा एवढा चिमटा काढला. "खबरदार! रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कशाला तरी हात लावलाय त्यांनी. ते दिवे निघणार नाहीत. आणि लाइट सारखा पाहिजे. दुपारी बायका यायच्यात." घ्या! बरं, बाकीच्या माळांतही दोन-दोन वाढवावेत, तर दिवे कुठायत? उरलेले दोन बाबांनीच लावलेले!

शेवटी वाढवलं व्होल्टेज. चारी बाजू लख्ख! आणि डबा? चटका! ताई घाबरली, "पेटेल का रे?" म्हटलं, पेटणार नाही, नुसता तापेल. माझ्यासारखा. भिंतीला ठोकला, वर वीतभर अंतरावर जाळीची फळी मारली, वरून कुणाचा हात लागायला नको म्हणून. ताईनं त्या फळीवर धुतलेले नॅपकिन वाळत टाकले.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. पहिलं गिऱ्हाईक! मी दाराआडून बघतोय... आता म्हणतील, काय हो हा उजेड! ताईनं नॅपकिन तोंडावर ठेवला. "अगं बाई... गरम!" आणि मिटले की डोळे! माझ्या लाइटसमोर डोळे मिटून बसल्या हो! एक नाही, दोन नाही, येईल ती तेच. "लाइट छानच गं, पण नॅपकिन..." बाबा सगळ्यांना सांगतायत, "त्याचं काय, मी दोन दिवे जास्त टाकले!"

परवा समोरचा सलूनवाला आला. म्हणाला, "दादा, लाइट आहे आपल्याकडं. तो तापणारा डबा तेवढा बनवून द्या."

सर्किट माझं बरोबर होतं हो... आता मुद्दाम चुकवायला बसलोय. बाबांना विचारून विचारून.